वळणावरचा देखावा

३ तारीख, सोमवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि "बसा" म्हणाले. ते "बसा" म्हणाले की समजायचं, काहीतरी अंगावर येणार. इस्पितळाची तक्रार आहे. आमच्या चार विजेच्या गाड्या डायलिसिसच्या पेशंटना टेकडीवर नेतात-आणतात, आणि चढावर त्या हिसके देतात. परवा एका आजींची मान आखडली. महिनाअखेरपर्यंत हिसके थांबले नाहीत तर चारही गाड्या परत, आणि पुढची मोठी ऑर्डर विसरायची. साहेब हे सगळं अगदी गोड आवाजात बोलले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मोटरचा कंट्रोलर माझा. म्हणजे हिसकेही माझेच.

आणि दोन नंबरच्या गाडीत खिडकीजवळ माझे बाबा बसतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मीच त्यांना तिथे बसवलं, मोठ्या तोऱ्यात, "माझ्या गाडीतून जायचं" म्हणून. संध्याकाळी विचारलं, "बाबा, गाडी हिसके देते का हो?"

"छे! हिसके कसले? जरा झुलवते. झोप छान लागते."

या माणसाला उभ्या आयुष्यात कशाचा त्रास झालेला नाही. दाढ काढली तेव्हाही मजा आली म्हणाले होते.

५ तारीख, बुधवार

डोकं भणभणलंय. लिहून काढलं तर सुटेल म्हणून लिहिते.

आमच्या मोटरमध्ये लोहचुंबक नाही, म्हणून तर ती स्वस्त. बाहेरच्या वेटोळ्यांतला प्रवाह एक फिरतं चुंबकत्व तयार करतो आणि आतला रोटर त्याच्या मागे धावत सुटतो, कायम थोडा मागेच. तो किती मागे राहतो यावर गाडीचा जोर ठरतो. ते नेमकं राखायचं तर रोटरमधल्या दांड्या प्रवाहाला किती विरोध करतात हे कंट्रोलरला माहीत हवं. आणि नेमकं तेच मोजता येत नाही, कारण फिरत्या रोटरला तारा कुठून जोडणार? मग अंदाज बांधायचा. सकाळी थंड मोटरला माझा अंदाज बरोबर असतो. चढावर रोटर तापतो, विरोध दीडपट होतो, आणि माझा कंट्रोलर जुन्याच आकड्याला चिकटून हट्टाला पेटतो. त्याचेच हिसके.

उपाय एकच दिसतो. अंदाज बरोबर असायला हवा ही अटच काढून टाकायची. तो चुकणार हे धरूनच चालायचं, आणि चूक ठरावीक मर्यादेत आहे तोवर आत काय वाटेल ते होवो, चाकाला जोर सरळच मिळाला पाहिजे. पुस्तकात याला रोबस्ट कंट्रोल म्हणतात.

बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, "रोबस्टला आपल्यात काय म्हणशील?"

"धट्टाकट्टा?"

"तो पैलवान झाला. खंबीर म्हण."

छान शब्द आहे. आई गेली तेव्हा येणारा प्रत्येक जण बाबांच्या खांद्यावर हात ठेवून हाच शब्द बोलून जात होता. आणि बाबा राहिलेही खंबीर. मी मात्र महिनाभर स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

१० तारीख, सोमवार

सकाळी बाबांचा डावा हात तपासला. मनगटाच्या वर डॉक्टरांनी एक नीला आणि एक धमनी एकमेकींना जोडून ठेवली आहे. डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. रोज तिथे बोट ठेवून थरथर लागते का बघायचं. मांजर मांडीवर घुरघुरावं तशी लागते. ती आहे तोवर सगळं ठीक. थांबली तर धावत इस्पितळ. त्या हाताला घड्याळ नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, आणि वजन तर मुळीच उचलायचं नाही. एवढं पथ्य बाबा मुकाट्याने पाळतात. पाणी दिवसाला मोजूनच प्यायचं, त्यात मात्र चोरी करतात. आज मापाचा ग्लास संपल्यावर बेसिनपाशी चूळ भरायला गेले आणि चूळ गिळली. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं, आणि आम्ही दोघांनी काही पाहिलंच नाही असं दाखवलं.

नवा कंट्रोलर अजून कागदावरच आहे.

१२ तारीख, बुधवार

चालला! प्रयोगशाळेत मोटर मुद्दाम तापवली, वजन वाढवलं, मध्येच कमी केलं, अंदाजाचा आकडा जाणूनबुजून चुकीचा भरला. पडद्यावर जोराची रेघ सरळ. आमच्या चाचणी विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे शंकासूर म्हणतो (तोंडावरसुद्धा, त्यांना आवडतं), तीनदा चष्मा पुसून रेघ बघत राहिले.

"फारच सरळ आहे," ते म्हणाले.

"सरळ असणं हाही आता दोष का?"

"दोष नाही हो. पण आत काहीतरी चाललंय आणि बाहेर काहीच दिसत नाही, हे मला जरा..."

वाक्य पुरं केलं नाही. ते कधीच करत नाहीत. शुक्रवारी चारही गाड्यांत नवा प्रोग्रॅम चढवायचा.

१७ तारीख, सोमवार

गाड्या लोण्यासारख्या चालताहेत. मान आखडलेल्या आजींनी माझ्यासाठी निरोप पाठवला, "त्या मुलीला सांगा, आज मी डुलकी काढली." साहेबांनी सगळ्यांसमोर केक कापला आणि पहिला तुकडा मला दिला. मी तो शंकासुरांच्या बशीत सरकवला. आनंद झाला की मला भीती वाटते, ही जुनीच खोड.

बाबा म्हणाले, "विमानात बसल्यासारखं वाटलं." ते विमानात कधी बसलेले नाहीत.

२१ तारीख, शुक्रवार

शंकासूर एक आलेख घेऊन आले. रेघ सरळ ठेवायला कंट्रोलर किती ताकद खर्च करतोय त्याचा. तीन गाड्यांत ठीक. दोन नंबरच्या गाडीत ती ताकद थोडी थोडी वर चढतेय.

"चढणारच," मी म्हणाले. "ती गाडी भरलेली असते. अडचण आली की जास्त जोर लावायचा आणि चेहऱ्यावर दाखवायचं नाही, म्हणून तर खंबीर."

"हो, पण अडचण कसली आहे ते..."

"उष्णता. दुसरं काय असणार?"

गेले बापडे. मी जरा तोडूनच बोलले. पण महिनाअखेर तोंडावर आहे आणि यांचं आपलं 'पण'.

बाबा आज उशिरा आले. म्हणाले, वरच्या वळणावर गाडी थांबवून सगळ्यांनी देखावा पाहिला. चालक फार गुणी माणूस आहे. पेशंटना तेवढाच विरंगुळा.

२३ तारीख, रविवार

परदेशातून दादाचा फोन. "बाबा कसे आहेत?" म्हटलं, मजेत. "आणि तू?" म्हटलं, मीपण. त्याला तिकडे बसून काळजी करायला लावून काय मिळणार?

२४ तारीख, सोमवार

बाबांनी जागा बदलली. खिडकी सोडून आता दाराशेजारी बसतात. तिथे हवा छान येते म्हणे. जेवताना विचारत होते, "तुझी मोटर तापली तर गार व्हायला किती वेळ लागतो गं? आपलं सहज विचारतोय."

"बाहेरून दहा मिनिटांत गार लागेल. आतून पुष्कळ वेळ. का हो?"

"काही नाही. लेक एवढं करते आणि बापाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, बरं दिसत नाही."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकी वर्षं ही नोकरी करतेय, त्यांनी मोटरबद्दल पहिल्यांदा काही विचारलं. मग मी रोटरचं चित्र काढून अर्धा तास समजावलं. ते मन लावून ऐकत होते. "म्हणजे आतून पुष्कळ वेळ," एवढं त्यांनी दोनदा म्हटलं.

त्यांच्या शर्टाच्या बाहीला माती होती. कुठे टेकला होतात विचारलं तर म्हणाले, इस्पितळाच्या बागेत.

२८ तारीख, शुक्रवार

अंतिम अहवालावर सही केली. चढावर हिसके नाहीत, चारही गाड्या समाधानकारक.

शंकासुरांनी सहीआधी शेवटचा प्रयत्न केला. "मॅडम, दोन नंबरचा खर्च मर्यादेला टेकलाय. आणि हे बघा, चढावर रोज एकाच जागी वेग शून्य. दहा-पंधरा मिनिटं."

"ते मला माहीत आहे. वरच्या वळणावर पेशंट देखावा बघतात. माझे बाबाच असतात त्यात."

"रोज?"

"रोज."

"भर चढावर?"

"लोकांना आवडतं!" मी म्हणाले आणि सही केली.

आता चहा पुढ्यात गार झालाय आणि मी विचार करतेय की मला एवढा राग का आला. त्या वळणावर मी स्वतः कधी गेलेली नाही. बाबांना गाडीत बसवते आणि ऑफिसला पळते.

३१ तारीख, सोमवार

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिणं जमणार नाही.

सकाळी घाई होती, बाबांचा हात तपासला नाही. "मीच बघितलं, मस्त चाललीय थरथर," ते म्हणाले. मी निघाले. ऑफिसच्या दारापर्यंत पोचले आणि स्कूटर वळवली. ठरवून नाही. शंकासुरांचं ते "भर चढावर?" दोन दिवस कानात बसलं होतं.

वरच्या वळणावर देखावा नाही.

एका बाजूला खोदलेला कातळ. दुसऱ्या बाजूला इस्पितळाच्या धुलाईघराची मागची भिंत, तिच्यावर एक गळका पाइप, खाली कचऱ्याची पिंपं. आभाळसुद्धा धड दिसत नाही. रस्त्याच्या कडेला, पिंपाला लागून, नारळाएवढा एक दगड ठेवलेला होता. आजूबाजूला धुळीचा थर आणि तो दगड मात्र हात लागून लागून स्वच्छ झालेला.

मी तिथे उभी असतानाच गाडी वर आली. हिसके नाहीत, आवाज नाही. अगदी झोपेत चालल्यासारखी येत होती आणि हळू होत होत थांबली. मग इंच इंच मागे सरकू लागली. चालकाने ब्रेक दाबून धरला, दार उघडलं, आणि दाराशेजारचा माणूस लगबगीने खाली उतरला. उजव्या हाताने त्याने दाराचा दांडा धरला होता, कारण पाय लटपटत होते. म्हणून डाव्या हाताने दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. आतून कुणीतरी म्हणालं, "शाब्बास काका!"

"बाबा!"

त्यांनी वर पाहिलं. "अगं, तू इथे कशी? ऑफिस नाही आज?"

चालक खाली उतरून हात जोडून उभा राहिला. "ताई, मी कळवणार होतो. पहिल्याच आठवड्यात कळवणार होतो. काका म्हणाले, पोरीची नोकरी जाईल, महिनाअखेरपर्यंत ढकलू या. मग सगळेच म्हणाले. दहा मिनिटं थांबलं की परत चालते." गाडीत सगळे खाली बघत बसले होते. डुलकी काढणाऱ्या आजी म्हणाल्या, "आम्हाला कुठे घाई आहे गं? तिथे जाऊन सुयाच तर टोचून घ्यायच्या."

मी बाबांचा डावा हात हातात घेतला. सुजला होता. बोट ठेवलं, सरकवलं, पुन्हा ठेवलं. कान लावला. काही नाही. मांजर नव्हतंच तिथे.

"कधीपासून?"

"रात्रीपासून जरा शांत आहे," बाबा म्हणाले. "म्हटलं, तिथे गेल्यावर बघतीलच. तू आपली उगाच घाबरतेस."

गाडी तिथेच सोडायला लावली, बाकीच्यांना आणायला इस्पितळाची रुग्णवाहिका बोलावली. बाबांना मी स्कूटरवर मागे बसवून वर नेलं. वाटेत एका हाताने ते मला घट्ट धरून होते आणि सांगत होते की हवा छान आहे.

रक्ताची गाठ झाली होती. ती काढायला आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन विचारलं, "यांनी या हाताने वजन उचललं का?" मी हो म्हणाले. "कशाचं?" "दगडाचं. माझ्या गाडीच्या चाकाखाली लावायला."

२ तारीख, बुधवार

हातातली ती जोडणी वाचली की नाही हे दोन-तीन आठवड्यांनी कळेल. तोवर डायलिसिससाठी मानेत नळी.

दोन नंबरची मोटर उघडली. रोटरच्या दांड्यांपैकी पाच, टोकाच्या कड्याशी जोडतात तिथे तुटलेल्या. एक तडा जुना आहे, बहुतेक मोटर आली तेव्हापासूनचा. म्हणजे या गाडीच्या हिसक्यांत थोडा भाग उष्णतेचा होता आणि थोडा या तड्याचा. गाडी सांगत होती, मला लागलंय. मी तिला गप्प केलं. मग एक दांडी गेली की कंट्रोलर जास्त प्रवाह ओतायचा, त्याने बाकीच्या दांड्या तापायच्या, पुढची जायची, आणि चाकावरची रेघ सरळच्या सरळ. ओतायला काही उरलं नाही तेव्हा गाडी थांबली. माझं गणित कुठेच चुकलेलं नाही. चुकलं असतं तर परवडलं असतं.

साहेबांना भेटून सही मागे घेतली. चारही गाड्या उभ्या करा म्हटलं. ते गोड आवाजात म्हणाले, "एका मोटरसाठी?" मी म्हटलं, "बाकीच्या तीन किती सोसताहेत हे मला माहीत नाही, आणि त्या सांगणार नाहीत, कारण मी सोय तशी केलीय." नवा प्रोग्रॅम येईल तो ठरावीक खर्चापुढे गेला की रेघ सोडून देईल. गाडीने कुरकुर केलीच पाहिजे, पेशंटना कळेल इतकी, चालकाला लपवता येणार नाही इतकी. साहेब म्हणाले, "मुद्दाम हिसके देणारी गाडी विकत कोण घेणार?" ऑर्डर बहुतेक गेली. माझं काय करायचं ते सोमवारी ठरवणार आहेत.

शंकासूर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मी जरा जास्त जोरात म्हणायला..." म्हणाले आणि थांबले. मी म्हटलं, तुम्ही म्हणाला होतात. मी ऐकलं नाही.

४ तारीख, शुक्रवार

आज डायलिसिस मानेतल्या नळीतून झालं. भाड्याच्या मोटारीने गेलो-आलो. पहिल्यांदाच मी चार तास आत बसले. एरवी दारापर्यंत सोडायचीही सवड नसायची मला.

यंत्र लावल्यावर तासाभराने बाबांचा चेहरा पांढरा पडला. पिंडऱ्यांत गोळे आले. तोंड घट्ट मिटून ते छताकडे बघत होते आणि उजव्या हाताने चादर पिळत होते. सिस्टरनी सवयीने पाय चोळायला घेतले. म्हणजे हे दर वेळी होतं. मग मी उठून चोळले. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि लगेच हसले.

घरी येऊन पलंगावर टेकले. उन्हं खिडकीतून पायांवर आली होती. मी विचारलं, "कसं वाटतंय?" आणि त्यांचं तोंड नेहमीसारखं उघडताना पाहून माझा संताप संताप झाला. "मजेत म्हणालात ना बाबा, तर बघा! तुमच्या त्या मजेपायी हात जायची वेळ आली. गाडीत बारा माणसं होती. ती दरीत गेली असती तरी तुम्ही म्हणाला असतात, देखावा छान होता!"

मी असं कधी बोलले नव्हते त्यांच्याशी. ते दचकले. भिंतीकडे तोंड वळवलं. मला वाटलं, आता रागावून कूस बदलतील.

"मोटार फार आदळत होती आजची," ते म्हणाले.

"हो."

"आणि नळी टोचते मानेत. कूस बदलता येत नाही."

"हो."

"पाय धरतात तेव्हा वाटतं, कुणीतरी पीळ घालतंय आतून. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी माणसात नसतो. तू ऑफिसात असतेस." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तहान लागते गं. सारखी तहान लागते. मला नको झालंय हे सगळं."

सगळं ठीक होईल, हे माझ्या जिभेवर आलं होतं. खंबीर राहा, हेसुद्धा. दोन्ही गिळले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

मी खुर्ची पलंगाला लागून ओढली, फोन बंद केला आणि म्हटलं, "मग पहिल्या दिवसापासून सांगा."